अर्ध्या झोक्यातला अनंत काळ

भोरहून महाडकडे जाणारी एसटी वरंधा घाटात शिरली, की उभ्या प्रवाशाला गतिशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. वेल्ह्याच्या वळणांवरही तेच. वेग बदलला की अंग रेटलं जातं, आणि तो रेटाच एकाएकी बदलला की हिसका बसतो. स्थानापासून मोजलं तर वेग ही पहिली पायरी, मग त्वरण, हिसका, हिसक्यातला बदल, अशा या पायऱ्या. न्यूटन त्वरणापाशी थांबला. त्यापुढे गेलं तर ऊर्जेला सहसा तळच उरत नाही, हे ऑस्ट्रोग्राडस्कीने १८५० मध्येच दाखवून ठेवलंय. पाइस आणि उलेनबेक यांनी १९५० मध्ये अभ्यासलेल्या चौथ्या पायरीच्या दोलकात दोन वारंवारता असतात. त्यांतल्या एकीची ऊर्जा चक्क उणे!

आता गंमत. नेहमीचा मुक्त कण आणि नेहमीचा दोलक यांची क्वांटम समीकरणं एकमेकांत बदलता येतात, हे नीडररने १९७३ मध्ये दाखवलं. घड्याळ बदलायचं, लांबीचं माप त्याच्याबरोबर ताणायचं-आखडायचं, तरंगफलनाला एक फेज जोडायची, झालं. मुक्त कणाचा अनादि भूतकाळ आणि अनंत भविष्यकाळ दोलकाच्या अर्ध्या झोक्यात मावतात. पडताळायला बारावीची त्रिकोणमिती पुरते. मुक्त कणाच्या सरळ रेषेत काळाच्या जागी टॅन्जंट घाला आणि सगळ्याला कोसाइनने गुणा. उरतात साइन आणि कोसाइन, म्हणजे झोकाच. चौथ्या पायरीचा मुक्त कण काळाच्या घनापर्यंत जातो. त्याला कोसाइनच्या घनाने गुणलं, की दोन वारंवारता निघतात, एक दुसरीच्या बरोबर तिप्पट. सहाव्या पायरीला १, ३, ५. हे प्रमाण कुणी बाहेरून बसवलेलं नाही.

पण रूपांतर जमलं म्हणजे दोन्ही वस्तू एकच, असं म्हणणं मला घाईचं वाटतं. नेहमीच्या मुक्त कणाची ऊर्जा शून्यावर कितीही असू शकते, दोलकाची ठरावीक टप्प्यांनीच वाढते. घड्याळ बदललं की ऊर्जेचा अर्थच बदलतो. पलीकडे जातात ती फक्त समीकरणाची उत्तरं. वरच्या पायऱ्यांचं दुखणं मात्र दोन्हीकडे आहेच. मुक्त कणाचा हरवलेला तळ दोलकात उणे चिन्ह होऊन बसतो.

म्हणूनच पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत थानू पद्मनाभन आणि नरेश दधीच यांनी ज्या लँचोस-लव्हलॉक गुरुत्वाकर्षण सिद्धांतावर काम केलं, त्यातली काटकसर मला जास्त मोलाची वाटते. तिथे अवकाशकालाच्या वक्रतेचे वरचे घात येतात, तरी समीकरणं दुसऱ्या पायरीपुढे जात नाहीत.