दीड तास आणि चौदा रात्री

वाचन : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७



भूमध्य समुद्रांत क्रेत आणि माल्टा अशीं दोन बेटें आहेत. माल्टा म्हणजेच शास्त्रांतील मिलिता. क्रेत येथील हेराक्लिओनच्या विमानतळापासून माल्टाच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेनें सुमारें ९७० किलोमीटर अंतर भरतें. थेट जाणारें विमान तें सुमारें दीड तासांत ओलांडतें. थेट विमान नसलें, तर अथेन्ससारख्या शहरीं उतरून दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागते, आणि तेवढ्याच अंतरास अर्धा दिवसही लागूं शकतो.

ह्याच दोन बेटांमधील समुद्रांतून पौल प्रेषित बंदिवान होऊन गेला. सुंदर बंदर सोडल्यावर ईशान्येच्या तुफानानें तारूं धरलें, आणि कौदा बेट मागें टाकून तें उघड्या समुद्रांत वाहवत गेलें. चौदाव्या रात्रीं खलाशांस जमिनीची चाहूल लागली, असें लूक सांगतो. स्कॉटलंडचे जेम्स स्मिथ ह्यांनीं १८४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या प्रवासाचा हिशेब मांडला आहे. कौद्यापासून माल्टापर्यंत सुमारें ४७७ सागरी मैल. अशा वाऱ्यांत तारूं दिवसास सुमारें ३६ मैल वाहणार. म्हणजे तेरा दिवसांहून किंचित् अधिक. लूकाच्या सांगण्याशीं हें जुळतें. ही गति ताशीं तीन किलोमीटरांहूनही कमी आहे. आपण बाजारास पायीं जातों तें ह्याहून जलद.

आतां त्या मंद वाटेवर काय घडलें तें पाहा. नांगर टाकण्याचें मिष करून खलाशी मचवा सोडून पळूं लागले. तारूं हांकण्याची विद्या त्यांनाच अवगत होती. हे तारवांत राहिले नाहींत तर कोणीच वांचणार नाहीं, असें पौलानें शताधिपतीस बजावलें, आणि शिपायांनीं मचव्याचे दोर कापले. मग पौलानें भाकर घेऊन सर्वांदेखत देवाचे आभार मानले व तो खाऊं लागला. तेव्हां सर्वांस धीर आला. तारूं फुटलें, परंतु २७६ जीवांपैकीं एकही गेला नाहीं.

विमानांत दीड तास शेजारीं बसलेल्याचें नांवही आपण विचारीत नाहीं, व त्यावांचून कांहीं अडतही नाहीं. मंडळीचा प्रवास तसा नव्हे. तो तारवाचा प्रवास आहे. पीक बुडतें, भाऊबंदांत तंटा होतो, उपासनेस चारच माणसें येतात. अशा वेळीं ज्याला वाचतां लिहितां येतें त्यालाच मचव्याची आठवण प्रथम होते, आणि चांगलेंसें निमित्तही सांपडतें. पोटासाठीं शहरीं जाणें हें पाप नव्हे. परंतु वाट दाखविणाऱ्यानेंच अंधारांत लपून निघून जावें, हें मागें राहणाऱ्यांस बुडविणें आहे.

उपदेशक बंधूंनो, किनारा किती दूर आहे तें पौलासही दिसत नव्हतें. तरी भाकर त्याच्या हातीं होती, आणि ती त्यानें मोडली. आपणही आपल्या तारवांत राहूं या. आमेन.