शलमोनाची तलवार आणि डेन्मार्कची प्रश्नपत्रिका

एकाच तान्ह्या बाळावर दोघी हक्क सांगतात, तेव्हा खरी आई कशी ओळखायची? बायबलमधल्या शलमोन राजाने बाळाचे दोन तुकडे करून वाटून देतो म्हणत तलवार मागवली. पाली जातकातल्या महोसध पंडिताने जमिनीवर रेघ ओढून मूल तिच्यावर ठेवलं आणि आई आणि तिच्या मुलावर हक्क सांगणारी यक्षिणी, दोघींना दोन बाजूंनी ओढायला सांगितलं. मूल कळवळताच जिचा हात सुटला, ती आई. शलमोनापुढच्या दोघी वेश्या होत्या, हे मात्र फारसं कुणी आठवत नाही. राजाने त्यावरून त्यांना एका शब्दानेही टोकलं नाही.

डेन्मार्क इतका उदार नव्हता. मूल आईपाशी ठेवायचं की नाही, हे ठरवताना तिथे पालकत्वाच्या क्षमतेची मानसशास्त्रीय चाचणी घेतली जाई. त्यात ग्रीनलंडच्या इनुइट आया मागे पडत. काच कशापासून बनते, असंही विचारल्याची तक्रार झाली. बाळाला अंगावर पाजायला हे ज्ञान कशाला लागतं, देव जाणे! भुवई उंचावली की इनुइटांचा होकार झाला. ते ठाऊक नसलेला परीक्षक अशा आईला गप्प, थंड समजणार. २०२२ च्या एका अहवालानुसार डेन्मार्कमधल्या ग्रीनलंडी वंशाच्या मुलांपैकी ५.६ टक्के घराबाहेर ठेवलेली होती. डॅनिश मुलांत हे प्रमाण १ टक्का.

मार खाणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या मुलाला घरातून हलवावंच लागतं. त्याबद्दल वाद नाही. पण ही परीक्षा सगळ्यांना नसते. सुखवस्तू घरातल्या आईला कुणी काचेबद्दल विचारत नाही. जिची फाइल आधीच उघडलेली आहे, जी स्वतः अनाथगृहात वाढली, जिला डॅनिश नीट येत नाही, तीच परीक्षेला बसते. महोसधाच्या कथेत मूल ओढणारी यक्षिणी वेगळी आणि न्याय करणारा वेगळा होता. डेन्मार्कमध्ये मूल मागणारी नगरपालिका आणि परीक्षक नेमणारीही नगरपालिकाच.

याला जुना इतिहासही आहे. १९५१ साली २२ ग्रीनलंडी मुलांना ‘सुधारण्यासाठी’ डेन्मार्कला नेलं. त्याबद्दल डेन्मार्कच्या पंतप्रधानांची माफी आली ती २०२० मध्ये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका ग्रीनलंडी आईचं बाळ जन्मानंतर काही तासांतच काढून नेलं, तेव्हा ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकमध्ये लोक रस्त्यावर उतरले. १ मे २०२५ पासून ग्रीनलंडी कुटुंबांवर या चाचण्या वापरायला कायद्याने मनाई झाली. बंदी तेवढ्यांपुरतीच. आई डॅनिश असेल, पण गरीब किंवा मतिमंद ठरवलेली असेल, तर तिच्यासाठी ही सूट नाही.