कुत्र्याशी खोटे बोलता येते काय?

कुत्र्याला हाकेसरशी यायला शिकविण्याची रीत तशी साधी आहे. प्रथम घरातच, चार पावलांवरून, एकच ठरावीक शब्द उच्चारावा. ते आले की तत्क्षणी सुक्या बोंबलाचा तुकडा द्यावा. मग अंगणात, पुढे लांब दोरी बांधून वाडीत. घाई करू नये. आल्यावर कधीही मारू नये, उशिरा आले तरीही नाही. कारण कुत्रे त्या शिक्षेचा संबंध मघाच्या उनाडकीशी नव्हे, तर आत्ताच्या येण्याशी जोडते. शिस्तीच्या नावाखाली आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते.

मला प्रश्न पडतो तो रिकाम्या मुठीचा. कुत्रे येत नाही म्हणून मालक मूठ मिटून 'यू यू' करतो. ते धावत येते. मुठीत काहीच नसते. पाठीमागच्या हातात असतो पट्टा. हे खोटे बोलणे झाले काय?

असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या संत अगस्तीनने फसविण्याच्या हेतूवर भर दिला. तो हेतू येथे उघडच आहे. पण असत्याला विधान लागते, मूठ हे विधान नव्हे, शिवाय कुत्र्याला विवेक नाही, असे एखादा काटेकोर तर्कशास्त्री म्हणेल. कांट (१७२४–१८०४) या तत्त्वज्ञाच्या मते प्राण्यांविषयीची आपली कर्तव्ये वस्तुतः माणसांविषयीचीच असतात : मुक्या जिवाशी जो निष्ठुर, तो माणसांशीही निष्ठुर होतो. इमानी कुत्रे म्हातारे झाले तरी त्याला मरेपर्यंत सांभाळावे, हेही त्यानेच सांगितले. विचार थोर, तरी मला तो अपुरा वाटतो. येथे हानी केवळ मालकाच्या स्वभावाची होत नाही, कुत्र्याचीही होते. मिटलेल्या मुठीला अर्थ आपणच दिला, शंभर वेळा तुकडा देऊन. तो आपणच मोडला की हाकेचे नाणे खोटे ठरते. उद्या भरधाव ट्रक येत असताना मालक जीव तोडून ओरडेल आणि कुत्रे क्षणभर घुटमळेल. तो क्षण त्याचा घात करील.

याहून वाईट एक प्रकार आहे. कुत्रे नकोसे झाले, की काही जण लाडक्या नावाने हाक मारून त्याला टेम्पोत चढवितात आणि दूरच्या मासळीबाजारात सोडून येतात. तर्कशास्त्र्याला यात विधान सापडणार नाही. मी याला पापच म्हणतो. परक्याने बोलाविले असते तर ते गुरगुरले असते. घरच्यांनी नाव घेतले, म्हणून ते आले.

मग काय, वाचकहो, जन्मभर खिशात बोंबील बाळगायचे? तसे नव्हे. सवय जडल्यावर खाऊ अधूनमधून पुरे. एरवी पाठीवरून हात फिरवावा. मात्र गोचिडी काढायच्या असतील, इंजेक्शन टोचायचे असेल, तर हाक मारू नये. आपण उठावे, त्याच्याकडे चालत जावे, पट्टा हातात उघड दिसू द्यावा. कुत्रे मागे सरेल, खाटेखाली शिरेल. गुडघे टेकून त्याला हळूहळू बाहेर काढावे लागेल.