निसर्गच घोर लावतो तेव्हा

देवावर भरवसा ठेवला की चिंता पळते, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पण गीतेच्या पहिल्या अध्यायातला अर्जुन पाहा. त्याची गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, अंग कापतं, कातडीची आग होते, गांडीव हातातून निसटतं. तीव्र चिंतेची लक्षणं आजचे डॉक्टरही जवळपास अशीच सांगतील. आणि हे घडतं ते खुद्द देव सारथी होऊन पुढ्यात बसलेला असताना! तेव्हा श्रद्धा असणं वेगळं आणि छातीत धडधड न होणं वेगळं. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, त्यात त्याचं काही चुकत नाही. पंचाईत होते ती धोका उद्याचा असला की. न आलेल्या पावसाशी लढता येत नाही आणि कर्जापासून पळता येत नाही. सज्ज झालेलं शरीर मग रात्रभर तसंच ताठ राहतं.

निसर्गोपचार या ताठरपणालाच हात घालतो. आहार, विहार, झोप आणि जाग यांचा मेळ दुःख हलकं करतो, हे गीतेच्याच सहाव्या अध्यायात आहे. गांधीजींनी 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली, 1946 मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला; त्यांचा भर माती, पाणी, ऊन, हवा आणि रामनामावर होता. पोटावरची मातीपट्टीच घ्या. चाळून भिजवलेली गार माती कापडावर थापून पोटावर ठेवतात आणि माणूस वीस-पंचवीस मिनिटं उताणा पडून राहतो. माती शरीरातलं विष ओढून घेते, या जुन्या समजुतीला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. पण तो गार भार श्वासाबरोबर वरखाली होतो, लक्ष डोक्यातून पोटाकडे उतरतं, उच्छ्वास लांबतो आणि नाडी संथ होते. गुण असलाच तर तो मातीइतकाच या निवांतपणाचा म्हणावा लागेल.

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या माणसाचा आक्षेप इथंच येईल. त्याच्या तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावर औषधी वनस्पती उगवतात हे खरं. पण याच जिल्ह्यात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जमीन हलली, 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि सोयाबीन पेरल्यावर नजर आभाळाकडेच लागते. घोर लावणारा निसर्गच असेल, तर त्याच्याकडे परत जा म्हणणं ही थट्टा नव्हे काय? निसर्ग म्हणजे केवळ मायाळू माउली असं मानलं, तर आहेच. पण निसर्गाचा एक तुकडा आपल्या अंगातही असतो. पाऊस हाती नाही, काळजाचे ठोकेही थेट हाती नाहीत. श्वास मात्र आपोआप चालतो आणि ठरवून संथही करता येतो. उपचाराला तेवढी फट पुरते.

पीकविम्याचा प्रश्न श्वासानं सुटत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. त्यासाठी भांडावंच लागतं. फक्त झोप झालेला माणूस नीट भांडतो. श्वासाची मर्यादाही ओळखली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, कामं थांबली, जगणं नकोसं झालं, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे. चालू गोळ्या मनानं बंद करू नयेत. अशा वेळी रामनामानं धीर येईल, पण त्यावरच विसंबणं मला पटत नाही. कुणी म्हणेल, कृष्णानंही अर्जुनाला हृदयाचा दुबळेपणा सोड म्हणून फटकारलंच की. फटकारलं खरं, पण त्यावर अर्जुन ‘लढणार नाही’ म्हणून गप्प बसला. त्याला उठवायला पुढं सतरा अध्याय बोलावं लागलं, आणि त्याच्या शंका ऐकूनही घ्याव्या लागल्या.