स्मृतिभ्रंश आणि सेवाधर्म

असन्निधानी स्मरण हेच अनुसरलेल्या जीवाचे मुख्य साधन होय, हे मार्गातील लहानथोर सर्व जाणतात. म्हणूनच ज्या घरी वृद्धाची स्मृती ढासळू लागते, त्या घरी एक दारुण शंका उत्पन्न होते. चाळीस वर्षे पहाटे गाठी घेऊन स्मरणास बसणारी माता एके दिवशी तीच गाठी हाती धरून, ‘हे काय आहे?’ असे विचारते. पुत्राचे काळीज हलते. आईचे स्मरणच गेले, तर तिच्या जन्मभराच्या साधनाचे काय झाले?

शंका वरवरची नाही. तिचे निरसन शास्त्रानेच केले पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न होत. देह प्रपंचातला, मेंदूही प्रपंचातलाच. आणि प्रपंच अनित्य. मेंदूचा क्षय झाला म्हणजे जीवाची श्रद्धा क्षय पावली, असे म्हणता येत नाही. दिव्याची काच काजळली म्हणून ज्योत विझली असे कोणी समजत नाही. शिवाय जे आचरण घडले ते परमेश्वराला ठाऊक आहे. विसर जीवाला पडतो, सर्वज्ञांना नव्हे.

स्मृतिभ्रंश हे म्हातारपणाचे सहज लक्षण नसून मेंदूचा विकार आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण असलेल्या रोगाचे वर्णन १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने प्रथम केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसांना हा विकार असल्याचा अंदाज केला. बहुधा तो बरा होत नाही. तथापि ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा दोष यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपाय आहे. यास्तव आरंभीच वैद्याला दाखवावे. बाहेरची बाधा समजून काळ घालवू नये. ‘भोग आहे’ म्हणून स्वस्थही बसू नये. भोग ज्याचा त्याचा असला, तरी सेवा चुकविण्याचा दोष चुकविणाराचा.

सेवा कशी करावी, याचा वस्तुपाठ ऋद्धिपुरी आहे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भटोबासादी भक्तजन श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीप्रभू साक्षात ईश्वरावतार. त्यांची उन्मत्त लीळा आणि रोग्याचा भ्रम यांची तुलना स्वप्नातही करू नये. येथे दृष्टी सेव्यावर नसून सेवकावर ठेवावयाची आहे. भक्तांनी श्रीप्रभूंना आपल्या रीतीत बसविण्याचा आग्रह धरला नाही. त्यांची प्रवृत्ती पाहून ते वागले. ‘असे का?’ हा प्रश्न त्यांनी मनातून काढून टाकला. प्रवृत्ती ओळखून वागणे, एवढेच सूत्र रोग्याच्या घरीही पुरे आहे.

ते असे आचरावे. ‘मी कोण, ओळख पाहू,’ अशी परीक्षा घेऊ नये. आपले नाव आपणच सांगून दंडवत करावा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. तेच दहादा विचारले, तर दहाव्या वेळीही पहिल्याच स्वराने उत्तर द्यावे, कारण विचारणाऱ्याला ते पहिल्यांदाच विचारल्यासारखे असते. दिवस मावळताना पुष्कळांची अस्वस्थता वाढते. त्या सुमारास दिवा लवकर लावावा, गोंगाट टाळावा, नित्याची आरती नित्याच्याच चालीवर म्हणावी. जवळचे आधी विसरते आणि जुने उशिरा. कित्येकदा नातवाचे नाव गेलेले असते, पण आरतीचे शब्द ओठावर येतात. खिशात नावपत्त्याची चिठ्ठी असावी आणि रात्री उजेड असावा.

सर्वांत कठीण प्रसंग सत्याचा. माता कधीच्या वारलेल्या पतीची वाट पाहते. ‘ते गेले’ असे रोज सांगितले, तर रोज नवे वैधव्य तिच्या वाट्याला येते. ‘येतील’ म्हणावे तर असत्य होते. अशा वेळी ‘त्यांची आठवण येते का? ते कसे होते, सांगा,’ असे म्हणावे. त्यात असत्य नाही आणि हिंसाही नाही. स्वामींनी निरूपिलेली अहिंसा केवळ हाताची नसून वाणीचीही आहे.

हा भार बहुधा घरच्या एका सुनेवर पडतो. रात्रंदिवस एकटीने जागल्यावर तिचा शब्द कठोर झाला, तर दोष तिला एकटीला देणे अन्याय होय. भावांनी, लेकींनी, शेजारच्या उपदेशी कुटुंबांनी पाळ्या लावून तिला झोप आणि मोकळीक द्यावी. वृद्ध साधू-तपस्विनींच्या बाबतीत आश्रमांनीही हेच करावे.

शेवटी लीळाचरित्राचे स्मरण करावे. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी जे पाहिले ते विचारून, तो ग्रंथ सिद्ध केला. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा हिराइसादिकांच्या मुखी जे होते त्यातून तो पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. एका ठिकाणचे हरपले ते इतरांनी सांभाळले. घरातही तेच घडावे. मातेची गाठी मातेच्या हाती राहू द्यावी, पुत्राने शेजारी बसून तिला ऐकू येईल असे नाम घ्यावे. ती म्हणाली तर उत्तम. न म्हणाली तरी तिच्या कानी ते पडत राहील.

दंडवत प्रणाम.