गमती

आमच्या भागातले आम्ही तेराजण भाड्याची गाडी करून घुमानला गेलो होतो. घुमान पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यात. नामदेव महाराजांचं तिथं बरंच वास्तव्य झालं असं मानतात, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली तिथं साहित्य संमेलन भरलं तेव्हा आमच्याकडं हे नाव जास्त कानावर आलं. गुजरात, राजस्थान करत जायचं म्हणजे चांगले तीन-चार दिवस गाडीत. ड्रायव्हर शेजारच्या गावचाच पोरगा. तो निघतानाच म्हणाला, "तात्या, वाटंत लई गमती हायेत. एकेक दावतो."

हा गमती शब्द मला सगळ्या वाटेवर चावत राहिला.

पाली सोडून जोधपूरकडं निघालं की वीसेक किलोमीटरवर चोटिला गाव लागतं. तिथं हमरस्त्याच्या कडेला काचेच्या पेटीत एक बुलेट मोटरसायकल उभी आहे. हार घातलेली, पुढं अगरबत्त्या. ओमसिंह राठोड नावाचा तरुण १९८८ साली तिथल्या झाडावर आदळून गेला. लोक त्याला ओम बन्ना म्हणतात. गाडी पोलिसांनी चौकीत नेली तर सकाळी परत अपघाताच्या जागी. पेट्रोल काढून, साखळी लावून ठेवली तरी परत तिथंच, असं तिथला जो तो सांगतो. झाडाला दोरे, बांगड्या बांधलेल्या. कुणी कुणी दारूसुद्धा वाहतात.

आमच्यातल्या दोघातिघांनी हसत हसत फोटो काढले. बुवा गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, "गळ्यात माळ आहे आपल्या. मोटरसायकलला हात जोडायचे?"

मी एका ट्रकवाल्याकडं बघत होतो. तो उतरला, चपला काढल्या, अगरबत्ती लावली, मिनिटभर उभा राहिला आणि गेला. त्याच्या तोंडावर गंमत नव्हती. रात्री दोन वाजता एकट्यानं स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाला कुणीतरी सोबत पाहिजे असतं, आणि ह्या रस्त्यानं मेलेला माणूस ह्या रस्त्याची भीती जाणतो, एवढा साधा हिशेब असावा.

बिकानेरला चहा पिताना मी बुवांना म्हटलं, "आपल्या मारुतीच्या मागं जो धोंडा आहे, त्याला पोळ्याला नारळ कोण फोडतं?"

"मी."

"तो कोण?"

बुवा गप्प. आमच्या गावचा तो धोंडा म्हणजे वीरगळ. खाली पडलेला माणूस आणि गाई, मधल्या कप्प्यात त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, वर तो पिंडीपुढं बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गुरं सोडवताना कुणी मेला, त्याच्या माणसांनी दगड उभा केला. पुढं नाव गेलं, शेंदूर आला. आता कुणी त्याला म्हसोबा म्हणतं. त्या काळी बुलेट असती तर दगडात बुलेटच कोरली असती.

पण बुवाही कच्चे नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "तो गुरं राखताना मेला. हा झाडावर आदळला. काही करून मेला त्याला दगड, हे समजतं. नुसतं मेल्याला कशाला?"

याला मला उत्तर सुचलं नाही, आणि सुचणं गरजेचं होतं. माझ्या चुलतभावाचा नातू, बावीस वर्षांचा, गावच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून गेला. ट्रॉलीला मागं ना दिवा, ना लाल पट्टी. मित्रांनी फ्लेक्स लावला, तो एका उन्हाळ्यात पांढरा झाला. बापाला तिथं ओटा बांधायचाय. ग्रामसभेत म्हणाले, आणखी एक देवस्थान होईल, गाड्या थांबतील, नवे अपघात होतील. एकजण म्हणाला, त्यानं असं काय केलं होतं? बाप तिथंच बसला होता. मला विचारलं तेव्हा, घुमानहून आल्यावर सांगतो, असं म्हणून मी निघालो होतो.

पंजाबात शिरल्यावर ड्रायव्हरनं पुढची गंमत दाखवली. जालंधरकडच्या गावांत घरांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या विमानाच्या, फुटबॉलच्या, गरुडाच्या, रणगाड्याच्या आकाराच्या. तल्हणच्या गुरुद्वाऱ्यात तर लोक खेळण्यातली विमानं वाहतात, परदेशाचा व्हिसा मिळावा म्हणून. हसू येतंच. हसण्यात पाप आहे असं मला वाटत नाही.

नूरमहलच्या बाजूला अशाच एका विमानाखालच्या घरात आम्ही पाणी मागितलं. दोन मजली घर, दहा तरी खोल्या, आणि आत एकटी म्हातारी. तिनं सगळ्यांना लस्सी दिली. मुलगा कॅनडात. टाकी त्यानंच बांधून घेतलेली. तिनं विचारलं, तुमची मुलं कुठं? आमच्या तेरापैकी नऊजणांची मुलं पुण्या-मुंबईत. बुवांनी सांगितलं, पुण्यात.

"विमान लागतं का यायला?"

"नाही, एसटी येते."

"मग येत असतील."

बुवांनी पेला खाली ठेवला. त्यानंतर घुमानपर्यंत गाडीत कुणी गमतीचं नाव काढलं नाही.

परत आल्यावर ग्रामसभेत मी माझं मत सांगितलं. बुवांचा सवाल चुकीचा नाही, पण तो देवाच्या बाबतीत. आठवणीला पराक्रम लागत नाही. मागं कुणीतरी रडणारं असलं की पुरे. ओटा बांधावा, मात्र रस्त्याला खेटून नाही, बापाच्या स्वतःच्या बांधावर, गुडघ्याएवढा. छप्पर नको, दानपेटी नको. नाव घालावं, आपल्या वीरगळावर ते राहून गेलंय. आणि नारळाऐवजी ट्रॉलीला लावायच्या लाल पट्ट्या ठेवाव्यात, ज्याला पाहिजे त्यानं फुकट न्याव्यात.

अर्ध्यांना पटलं, अर्ध्यांना नाही. बुवा बोलले नाहीत, पण पहिलं पट्ट्यांचं बंडल त्यांनीच आणून ठेवलं.

यंदा गाळप सुरू झाल्यापासून बैलगाडीवाले, ट्रॅक्टरवाले तिथं थांबून पट्ट्या नेतात. काहीजण जाताना हातही जोडतात, ते काही मला थांबवता आलं नाही. परवा पुण्याच्या नंबरची एक मोटार थांबली. पोरापोरींनी विचारलं, "काका, हा कुठला देव? पट्ट्या वाहतात याला?" मी पोराचं नाव सांगितलं, वय सांगितलं. त्यांनी फोटो काढले. मी काढू दिले.