सवडीचा धनी कोण?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या हेंद्रेपाड्यात माळ्यावरच्या वस्तू खाली येऊ लागतात. कोणाची पेटी, कोणाचा बुद्धिबळाचा पट, कोणाचा रंगांचा डबा. माझी बासरीही कपाटातून बाहेर येते. विसरलेल्या छंदाकडे परत जावे, ही कल्पना मोठी गोड आहे. पण त्या गोडव्यात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो फराळाच्या ताटावर बसूनच विचारायला हवा: ही सवड येते कोठून?

‘वेळच मिळत नाही’ ही आपणा सर्वांची लाडकी तक्रार. बदलापूरहून मुंबईला कामाला जाणाऱ्याच्या तोंडी ती शोभतेही. सुमारे ६८ किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे! परंतु त्याच लोकलच्या डब्यात टाळ निघतात आणि भजन रंगते. त्या मंडळींना कोणी रजा दिलेली नसते. दामोदर कोसंबी हे गणिती. संख्याशास्त्र समजून घ्यावे म्हणून ते प्राचीन नाण्यांचे वजन करू लागले, आणि तो नाद त्यांना थेट भारताच्या इतिहासापर्यंत घेऊन गेला. हातोहात फिरणारे नाणे हळूहळू झिजते, हे त्यांनी मोजून दाखविले. छंदाचे नेमके उलट आहे. तो न वापरल्याने झिजतो.

मग सुटीचे महत्त्व काहीच नाही का? आहे, पण ती सर्वांना सारखी मिळत नाही. २०२० च्या मार्चअखेर लोकल थांबल्या. कित्येकांच्या पोटावर पाय आला. त्यांना छंद कोठून सुचणार? ज्यांचा पगार चालू राहिला, त्यांनी मात्र जुन्या पेट्या उघडल्या. कचेरी बंद झाली, शाळा बंद झाली; पण स्वयंपाकघराला टाळेबंदी नव्हती. उलट चहाची आधणे वाढली. एकाची सुटी म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याचे जादा काम असते.

यावर कोणी म्हणेल, बहिणाबाई चौधरींना कुठे सवड होती? घरचे नि शेतातले काम करता करताच त्यांना गाणी सुचली. खरे आहे. पण त्यांना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी ती गाणी उतरून ठेवली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचे पुस्तक आपल्या हाती आले. ज्यांच्या घरी लिहून घेणारे कोणी नव्हते, त्यांचे काय झाले असेल? शिवाय असामान्य प्रतिभेला सवड लागली नाही, म्हणून चारचौघींसारख्या बाईला ती लागत नाही, असे थोडेच आहे?

वाचकहो, छंद सोडा असे मी म्हणत नाही. छंदाने माणूस पगारापलीकडेही काहीतरी उरतो. पण जी गोष्ट मला माणूस म्हणून उरवते, तिची गरज घरातल्या दुसऱ्या माणसालाही असणारच. म्हणून यंदा पेटीवरची धूळ झटकण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारावे, की लग्नाआधी तुला कशाचा नाद होता? ती हसून म्हणेल, “आता कुठलं काय!” तेवढ्यावर समाधान मानू नये. तिच्या हातातला झारा आपल्या हाती घ्यावा आणि पुन्हा विचारावे.